जुन्या पेट्रोल पंपाशेजारच्या विहिरीला वास, बोअर किती घ्यावेत?

प्रश्न: नाशिकमधल्या बंद पंपाच्या जमिनीखालच्या टाक्या काढायच्यात. शेजारच्या विहिरीला पेट्रोलचा वास येतोय. तपासणीचे बोअर किती?

उत्तर: भाऊ, किमान ३, तेही त्रिकोणात; एका रेषेत घेतले तर भूजलाच्या उताराची दिशा निघत नाही. जाळीचा पाइप पाण्याच्या पातळीच्या वर-खाली दोन्हीकडे हवा. पेट्रोल तरंगतं, जाळी पूर्ण बुडाली तर थर सापडतच नाही.

उत्तर: आपल्याकडे मुरमाखाली बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ. इंधन भेगांतून पळतं, एखाद्या बोअरमध्ये इंधन सापडलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

उत्तर: बेंझिन (पेट्रोलमधलं विषारी रसायन) तपासायला ४० मिलीची काचेची बाटली पाण्याने काठोकाठ भरा. बुडबुडा राहिला तर बेंझिन त्यात उडतं, आकडा कमी येतो. लगेच बर्फात ठेवा. आणि कृपया, त्या विहिरीचं पाणी आजपासून कुणालाही पिऊ देऊ नका.