प्रतिसाद: औषध बदललं की नुसती बाटली?

"दर तीन महिन्यांनी सगळ्या शेळ्यांना जंताचं औषध पाजतो, तरी जबड्याखाली सूज येतेच, आता कंपनी बदलतो" असं वर लिहिलंय. कंपनी बदलून काय होणार? बाटलीवर आतला घटक वाचा. अल्बेंडाझोल सोडून फेनबेंडाझोल आणलं तरी घराणं एकच. एकाला दाद न देणारे जंत दुसऱ्यालाही सहसा जुमानत नाहीत.

हगवण नाही आणि सूज आहे, म्हणजे संशय हिमोंकसवर. हा जंत शेळीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात बसून रक्त पितो. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. ओढ्याकाठी चरत असतील तर लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतातला चपटा जंतही असू शकतो, म्हणून आधी लेंड्या तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात विचारा.

कळपाला सरसकट पाजणं मला पटत नाही. उजेडात खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालगुलाबी असेल तर राहू द्या, पांढुरकी पडली असेल तर औषध. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फमाचा नावाचं रंगांचं कार्डच निघालं.

आणि वजन करा हो! अंदाजपंचे पाजलं की डोस कमी पडतो, तिथूनच जंत निर्ढावतात. त्यात शेळीच्या अंगातून हे औषध मेंढीपेक्षा लवकर निघून जातं, म्हणून मेंढीचा डोस चालत नाही; डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. गाभण शेळीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नकोच.

पाजल्यावर दोन आठवड्यांनी लेंड्या पुन्हा तपासा. अंडी तितकीच दिसली तर डॉक्टरांना विचारून घटक बदला, लेव्हामिसोल वगैरे.