मदत हवी आहे: पुरात बुडालेल्या आरएक्स 100 चे पार्ट सुटे विकायचेत, भाव कसा लावू?

नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांची 1991 ची यामाहा आरएक्स 100 ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीत दारासमोरच बुडाली. अण्णा होते तोवर तिला कुणी हात लावला नाही. आता ते नाहीत, आणि चेसिस अशी सडलीय की स्टँडच्या वर स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. गाडी पुन्हा उभी राहणार नाही.

भंगारवाला किलोवर मागतोय. एका गॅरेजवाल्यानं सगळ्या मालाचे सहा हजार सांगितले, पण मिकुनीचं कार्ब्युरेटर हातात घेऊन तो बराच वेळ उलटंपालटं करून बघत बसला. तिथंच मला शंका आली.

टाकीला उजवीकडे पोचा आहे. साइड पॅनल, हेड, ब्लॉक, पिस्टन, क्रँक, मॅग्नेट आहे. सायलेन्सर सोडला तर सगळं कंपनीचं, अण्णा लोकल पार्ट लावूच द्यायचे नाहीत. हा माल मातीमोल जाऊ नये आणि घेणाराही फसू नये, एवढंच वाटतं. भाव कशावरून ठरवतात? इंजिन केस, म्हणजे इंजिनचं बाहेरचं कवच, विकली तर चालते का?

प्रतिसाद

गठ्ठ्यानं अजिबात देऊ नका. या गाडीचं उत्पादन 1996 मध्ये बंद झालं, त्यामुळे ओरिजिनल मालाला गिऱ्हाईक आहे. आधी त्याच पार्टचा नवा लोकल माल दुकानात कितीला मिळतो ते विचारा. तुमचा ओरिजिनल चांगला असेल तर भाव त्याच्या वर धरा. जाहिरातीतले आकडे धरू नका, ते नुसते मागितलेले असतात. प्रत्यक्षात कितीला गेलं ते दोन-तीन मेकॅनिकना विचारा.

ब्लॉकचा भाव बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासावर असतो. स्टँडर्ड बोअर 50 मिमी. पिस्टनच्या डोक्यावर 25, 50, 75 असा आकडा असेल तर बोअर तेवढे शतांश मिमी मोठं, म्हणजे ओव्हरसाइज झालंय (50 म्हणजे अर्धा मिमी). जितकं कमी, तितका भाव जास्त. क्रँकचा कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा, जरा जरी खेळ (ढिलेपणा) लागला तर तसं सांगूनच विका. टाकी गळते का ते बघायला तीत रॉकेल भरून रात्रभर ठेवा. रंग मारू नका, पोचा झाकलाय असं वाटतं.

केसवर इंजिन नंबर असतो, आणि तोच आरसीवर असतो. केस आणि चेसिस आत्ता कुणालाही देऊ नका. आधी आरटीओत वारस म्हणून अर्ज करून नोंदणी रद्द करून घ्या. चेसिस नंबरचा तुकडा कापून मागतात, तो जपून ठेवा. उद्या तो नंबर भलत्याच गाडीवर निघाला तर पोलीस तुमच्या दारात येतील.

धागाकर्ता

मनापासून आभार. आत्ताच बघितलं, पिस्टनवर 50 आहे, आणि रॉड वर-खाली हलतो. आरसी भिजून शाई पसरलीय, पण नंबर वाचता येतो. सोमवारी आरटीओत जातो. क्रँक दुरुस्त करून विकावा म्हणतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात रॉड-बेअरिंग बदलून नीट प्रेस करून देणारं खात्रीचं कुणी आहे का?