व्हीएफडीवरील सबमर्सिबल मोटर वारंवार का जळते?

प्रश्न: आमच्या गावच्या पाणीपुरवठा योजनेतील ४१५ व्होल्टची सबमर्सिबल मोटर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवल्यापासून पुन्हा पुन्हा जळते. वाइंडिंग दर वेळी सुरुवातीच्या वेढ्यांतच फुटते. ओव्हरलोड (जादा करंटवर मोटर बंद करणारे संरक्षण) मात्र ट्रिप होत नाही. पॅनेलपासून मोटरपर्यंतची केबल सुमारे १८० मीटर आहे. दोष रिवाइंडिंगचा मानावा का?

उत्तर: रिवाइंडिंगला दोष देण्यापूर्वी केबलचा विचार करावा. व्हीएफडीतील डीसी व्होल्टेज साधारण ५८५ असते आणि त्याचे अतिजलद स्पंद लांब केबलच्या टोकाशी परावर्तित झाल्याने मोटरच्या टर्मिनलवर क्षणिक व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होऊ शकते. हा ताण मुख्यतः पहिल्या वेढ्यांवर येत असल्यामुळे करंट न वाढताही इन्सुलेशन निकामी होते. इतक्या अंतरासाठी आउटपुटला साइन फिल्टर (स्पंदांना गुळगुळीत साइन तरंगाचे रूप देणारा फिल्टर) बसवणे हाच माझ्या मते खरा उपाय आहे. कॅरिअर फ्रिक्वेन्सी (ड्राइव्ह दर सेकंदाला किती स्पंद सोडतो तो आकडा) कमी केल्यास आघातांची संख्या घटते, तीव्रता नव्हे. शिवाय फिल्टर बसवल्यावर ही फ्रिक्वेन्सी फिल्टरच्या किमान मर्यादेखाली नेता येत नाही.

प्रश्नकर्ते: धन्यवाद. रात्री मागणी कमी असताना आम्ही पंप २२ हर्ट्झवर चालवतो. ते योग्य आहे का?

दुसरे उत्तर: नाही. सबमर्सिबल मोटर भोवतीच्या वाहत्या पाण्यानेच थंड होते आणि वेग कमी केला की हा प्रवाहही घटतो, त्यामुळे अनेक उत्पादक ३० हर्ट्झ ही किमान मर्यादा सांगतात. ती पाळावी आणि रात्री पंप बंद ठेवून टाकीतून पाणी द्यावे. मेगरने (उच्च व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या उपकरणाने) तपासणी करताना व्हीएफडीच्या तारा आधी अवश्य सोडवाव्यात, अन्यथा ड्राइव्हच निकामी होईल.