मदत हवी आहे : पावसाळ्यात गवती चहा आणि तुळस वाळवायची कशी? आणि आंब्यावरची वेल गुळवेलच का?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

मी फोंडा तालुक्यात राहते. घरामागे लहानसं कुळागर, म्हणजे पोफळींची बाग आहे. पोफळींच्या सावलीत गवती चहाचे चार ठोंब, पाटाच्या कडेला ब्राह्मी, अंगणात तुळस आणि पानओवा, कुंपणाला अडुळसा. सगळं सासूबाईंनी लावलेलं. त्यांचा कषाय आमच्या वाड्यावर सगळ्यांना ठाऊक. धणे, जिरे, बडीशेप, थोडी मिरी मंद भाजून जाडसर भरडायची, त्यात वाळवलेली तुळस आणि गवती चहा. पावसात कुणी भिजून आलं की आधी पेला हातात, मग बाकीची विचारपूस.

आता आईंना पंच्याहत्तरी उलटली, संधिवाताने बोटं वळत नाहीत. म्हणून गेली दोन वर्षं हे काम मी करते, आणि दोन्ही वर्षं माल बिघडला. गेल्या जुलैत गवती चहा कापला, पुसला, सुपात पसरून पंख्याखाली ठेवला. चार दिवसांनी हाताला कोरडा लागला म्हणून बरणीत भरला. चतुर्थीच्या तोंडावर बरणी उघडली तर पातीच्या मधल्या शिरेलगत कापसासारखी पांढरी बुरशी आणि ओल्या गोणपाटासारखा वास. तुळस तर त्याआधीच काळी पडली होती. आईंना विचारलं तर म्हणतात, "आम्ही वेगळं काही करत नव्हतो गो, जुड्या बांधून टांगून ठेवायचो." मीही टांगून बघितल्या. तेच झालं.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सासऱ्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. मागच्या आंब्यावर एक वेल चढली आहे, पानं हृदयाच्या आकाराची. शेजारी सांगतात ही गुळवेल, रोज सकाळी रस द्या. पण गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी एक वेल असते असंही वाचलं. ओळखायची कशी?

आणि नणंद बाळंतपणासाठी आली आहे, सातवा महिना. तिला खोकला झालाय. आई म्हणतात अडुळशाचा काढा द्या, तो दिला तर चालेल ना? हे जरा लवकर सांगा.

सत्तरीकर

ताई, बाकी सगळं नंतर. अडुळसा देऊ नका. त्यात व्हॅसिसिन नावाचा घटक असतो, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. गरोदरपणात अडुळसा टाळायचा हे वैद्यसुद्धा सांगतात. घरचा आहे, ताजा आहे, याने त्यात फरक पडत नाही. खोकल्याचं तिच्या डॉक्टरांना विचारा, तोवर कोमट पाणी आणि मिठाच्या गुळण्या पुरेत. आईंना समजावून सांगा, त्यांच्या मनात काळजीच आहे.

पोफळीचीसावली

वाळवण्याबद्दल एक विचारते. आई जुड्या टांगायच्या त्या नेमक्या कुठे?

धागाकर्ती

सत्तरीकर, मनापासून आभार. काढ्याची तयारी करून ठेवली होती, सगळी बाजूला केली. नणंद उद्या डॉक्टरांना फोन करणार आहे.

जुड्यांचं आताच आईंना विचारलं. जुन्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या वाशाला. ते घर आम्ही पाडलं, नव्यात गॅस आहे.

पोफळीचीसावली

मग चुकलंय ते इथेच. वाळवण हवेने नव्हे, चुलीच्या धगीने होत होतं. सकाळ-संध्याकाळ ऊब आणि वर धूर, दोन्ही मिळून बुरशी लांब. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढा दमटपणा असतो की पंखा तीच ओली हवा फिरवतो. पात वरून कोरडी लागते, पण शिरेत ओल राहते आणि बंद बरणीत ती बाहेर येते.

मी आता पावसाळ्यात वाळवतच नाही. ताजंच वापरते. गवती चहाची तीन-चार पाती दुमडून गाठ मारायची आणि पातेल्यात टाकायची, म्हणजे गाळताना त्रास नाही. (पाती ओढताना बोट कापतं, कात्रीने काढा.) जास्त झाला तर बारीक चिरून डबीत घालून फ्रीझरमध्ये. वास चांगला राहतो. वर्षाचा साठा करायचा तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. दव सुकलं की कापायचा, अर्ध्या बोटाएवढे तुकडे करायचे, सावलीत पसरायचे. तुळस उन्हात घालू नका, सुवास उडून जातो. तुकडा वाकवला की कट्‌ आवाज करून मोडला पाहिजे. वाकला तर अजून ओला. बरणीत भरल्यावरही पहिला आठवडा रोज बघायची, काचेच्या आत धुरकट दिसलं तर परत पसरायचा.

पावसातच हवा असेल तर ओव्हन अगदी कमी आचेवर, ४०-५० अंश, दार किंचित उघडं. पण लाईट जाते तेव्हा अर्धवट राहतं, म्हणून मला ते पटत नाही.

सत्तरीकर

गुळवेलीचं. जिच्याशी गल्लत होते ती टिनोस्पोरा क्रिस्पा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यावर बराच वाद झाला. २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने सांगितलं की गुळवेल सुरक्षित आहे, पण क्रिस्पा घातक ठरू शकते, दोन्ही नीट ओळखा.

जून खोड बघा. गुळवेलीचं हिरवट, वरची साल कागदासारखी सुटते, गाठी नसतात. क्रिस्पाचं करडं आणि अंगभर बारीक गाठींचं, कापलं की दुधासारखा चीक. गुळवेलीची फळं गोल आणि लाल, क्रिस्पाची लांबट, नारिंगी. पान मात्र दोन्हींचं हृदयासारखंच, त्यावर जाऊ नका.

आणि खरी गुळवेल असली तरी सासऱ्यांच्या गोळ्यांबरोबर साखर जास्त खाली जाऊ शकते. डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नका.

धागाकर्ती

आज पाऊस जरा थांबला तेव्हा आंब्याखाली जाऊन बोटाएवढं जाड खोड कापून आणलं. दुधासारखा चीक आला नाही, पाणचट थेंब आले. साल पातळ आहे, नखाने काढली तर आत गर्द हिरवं. पण एका बाजूला सात-आठ बारीक उंचवटे हाताला लागतात. त्या गाठी की आणखी काही ते मला कळत नाही. फळं सध्या नाहीत. तुकडा ओल्या कापडात गुंडाळून ठेवलाय, शनिवारी फोंड्याला वैद्यांकडे नेऊन दाखवते. तोवर सासऱ्यांना काही देणार नाही, शेजाऱ्यांनाही तसं सांगितलं.

नणंदेच्या डॉक्टरांनी अडुळशाला नकोच म्हटलं.

संध्याकाळी आईंना स्वयंपाकघरात खुर्ची दिली. मी पाती दुमडली, गाठ त्यांना मारायला सांगितली. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.