दुसरं घड्याळ: लांबचं माणूस, लांबचा रस्ता (तुमचेही अनुभव लिहा)

पाऊलवाट

काल फोन बदलला. जुन्यातलं सगळं आपोआप नव्यात आलं आणि पहिल्याच पडद्यावर दोन घड्याळं दिसली. एक इथलं, एक व्लादिवोस्तोकचं. तिथे आता आमचं कुणी राहत नाही. ज्याच्यासाठी ते लावलं होतं तो शेजारच्या खोलीत चार्जर शोधत होता. पण ते घड्याळ काढायला हात काही धजेना, आणि रात्रभर सगळं आठवत राहिलं.

मी मॉस्कोत शिकत होते, तो रशियाच्या पार पूर्व टोकाला, व्लादिवोस्तोकला बंदरावर कामाला. देश एकच, पण मध्ये ७ तास. मी उठून आवरेपर्यंत त्याची दुपार झालेली असायची, आणि माझे वर्ग सुटून मी खोलीवर येईपर्यंत तो झोपलेला. दिवसात दोनच फटी मिळायच्या: एकतर माझी पहाट, नाहीतर त्याची मध्यरात्र. दोन वर्षं त्या फटींमधून एकमेकांना बघितलं.

२०१६ च्या उन्हाळ्यात त्याचं काम संपलं. विमानाने नऊ तासांत आला असता. म्हणाला, आगगाडीने येतो. मी इतकी चिडले! दोन वर्षं कळ काढली आणि आता आणखी एक आठवडा? तो शांतपणे म्हणाला, "ज्या अंतराने आपल्याला एवढं छळलं, ते मला एकदा डोळ्यांनी बघू दे."

९,२८८ किलोमीटर. सहा दिवसांहून जास्त.

तेव्हा रशियात रेल्वेचं सगळं वेळापत्रक मॉस्कोच्या वेळेवर चालायचं. गाव कितीही पूर्वेला असो, फलाटावरचं घड्याळसुद्धा मॉस्कोचंच. (१ ऑगस्ट २०१८ पासून स्थानिक वेळ सुरू झाली.) स्टेशनात शिरल्यावर त्याने पहिला फोटो पाठवला तो त्या घड्याळाचा. बाहेर टळटळीत दुपार आणि घड्याळात सकाळचे ७. खाली एकच ओळ होती: "इथे तुझी वेळ लावलीय."

रुळांच्या कडेला मॉस्कोपासूनचं अंतर लिहिलेले खांब आहेत. रेंज यायची ती मोठं स्टेशन जवळ आलं की. मग एकदम पाचसहा मेसेज धडाधड यायचे, आणि त्यात नुसते आकडे. ६,१००. ५,९०३. इर्कुत्स्कला ५,१८५. उरल पर्वतावरून येताना १,७७७, तिथे युरोप-आशियाच्या सीमेचा स्तंभ आहे. सात तासांचे सहा झाले, सहाचे पाच, रोज साधारण एक तास गळत गेला. शेवटच्या दिवशी त्याची सकाळ आणि माझी सकाळ एकच होती. त्या दिवशी मी त्याच्यासारखीच खिडकीपाशी बसून होते.

फलाटावर भेटलो आणि दोघांनाही बोलायला सुचेना. सवय सगळी आवाजाची. समोर चेहरा असताना कुठे बघायचं तेच कळत नव्हतं.

तुमचे अनुभव लिहा ना. प्रेमातलं लांबपण असो, जमिनीवरून केलेला लांबचा प्रवास असो, नाहीतर दोन्ही.

सांजवात

"इथे तुझी वेळ लावलीय" ला रडले. कपडे वाळत घालायचेत, रात्री येऊन लिहिते.

मैलाचा दगड

सुंदर लिहिलंय. खांबांवरचे आकडे गाडीतून वाचता येतात का? वेग किती असतो?

दोन चाकं

माझा उलटा अनुभव. मी घरी, बायको रस्त्यावर. तिने किर्गिझस्तानातल्या ओशपासून ताजिकिस्तानातल्या खोरोगपर्यंत सायकल चालवली, एकटीने, पामीर हायवेवरून. माझ्याकडे होता फक्त नकाशावरचा एक ठिपका. उपग्रहाशी जोडलेलं छोटं यंत्र तिच्या हँडलला लावलं होतं, ते दर दहा मिनिटांनी जागा कळवायचं. ऑफिसात, जिन्यात, दात घासताना, माझं लक्ष सतत त्या ठिपक्याकडे.

अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे. खिंडीच्या अलीकडे ठिपका थांबला. दहा मिनिटं, वीस, एक तास. मी स्वतःला समजावलं की पंक्चर असेल. दोन तासांनी विरळ हवेत माणसाला काय काय होतं ते वाचत बसलो, जे अजिबात करू नये. चार तास तो ठिपका हलला नाही. जीव नुसता टांगणीला.

मग हलला. रात्री मेसेज आला: वारा फार होता, एका कुटुंबाने घरात घेतलं, भिंतीला टेकून बसले आणि झोप लागली. चार तासांत ती माझ्यापेक्षा कितीतरी सुखात होती.

तेव्हापासून आमचा नियम आहे. ठिपका थांबला तरी चोवीस तास कुणी कुणाला शोधायला लागायचं नाही, आणि थांबणाऱ्याने शक्य असेल तर "बरी आहे" चं बटण दाबायचं. नियम निघायच्या आधी ठरवा. मध्यरात्री घाबरलेल्या डोक्याने ठरवता येत नाही.

निळाई

@दोन चाकं, मी तुमच्या बायकोच्या बाजूची आहे. म्हणजे मीही एकटी फिरते. तो ठिपका आमच्यावरही ओझं होतो हो. एखादी जागा आवडली म्हणून थांबावंसं वाटलं तरी मनात येतं, तिकडे कुणाच्या तरी पोटात गोळा येईल. चोवीस तासांचा नियम आवडला, आजच नवऱ्याला वाचून दाखवते.

दोन चाकं

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. विचारतो तिला.

लांबपल्ला

नवरा ट्रक चालवतो. पर्थहून अ‍ॅडलेडला माल नेतो, नलारबोरच्या मैदानावरून. त्या रस्त्यावर एक तुकडा १४६.६ किलोमीटर सरळ आहे, एकही वळण नाही. फोन लागतो तो पंप-मुक्कामांच्या आसपास, बाकी काही नाही.

पण मला सांगायचंय ते पाऊण तासाबद्दल. मधल्या पट्ट्यात, काइगुनाच्या पूर्वेपासून सीमेपर्यंत, लोकांनी स्वतःची वेळ ठेवलीय. पश्चिम ऑस्ट्रेलियापेक्षा ४५ मिनिटं पुढे. सरकारी नाही, पण भिंतीवरची घड्याळं तीच दाखवतात आणि फोन मात्र बरेचदा दुसरंच काही. त्याने सकाळी कळवलं, "युक्लाला पोचलो की ९ ला फोन करतो." मी शहाणपणाने हिशेब केला, युक्लाचे ९ म्हणजे माझे सव्वाआठ. सव्वाआठ झाले. साडेआठ झाले. त्या रस्त्यावर अंधार पडला की कांगारू आडवे येतात, हे मला माहीत, त्याला माहीत, आणि आम्ही दोघं ते कधी बोलत नाही. मुलगी झोपायचं नाव घेईना, तिलाही कळलं असावं.

९ ला फोन वाजला. माझ्या ९ ला. त्याने बिचाऱ्याने माझा विचार करून माझी वेळ सांगितली होती, आणि मी त्याचा विचार करून त्याची धरली होती.

आता आम्ही आकड्यापुढे "तुझे" किंवा "माझे" लिहितो. "९ तुझे."

सांजवात

आले परत. "९ तुझे" किती गोड आहे.

आमचं भांडण दर मार्चमध्ये ठरलेलं. मी पॅरिसला, तो न्यूयॉर्कला, फरक ६ तास. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करतात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे फरक ५ च तासांचा. पहिल्या वर्षी दोघांनाही माहीत नव्हतं. मी ठरलेल्या वेळी लॅपटॉप उघडला तर तो तासभर आधीच येऊन, थांबून, रुसून निघून गेलेला. मला वाटलं याला आता काही पडलेलं नाही. त्याला वाटलं हिला. तीन दिवस अबोला! कॅलेंडरने केलेलं भांडण आणि शिक्षा आम्हाला.

ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा एक आठवडा तेच, कारण परत मागे घेताना युरोप आधी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. नवीन जोडप्यांनो, लिहून ठेवा हे.

मैलाचा दगड

भारी माहिती. आमच्या ऑफिसच्या मीटिंगा दर मार्चमध्ये का हुकतात ते आज कळलं.

जुनं पान

तुम्हा मुलांना चित्रासकट बोलायला मिळतं, याचा मला फार आनंद वाटतो. आमच्या वेळी परदेशचा फोन उपग्रहावरून यायचा. तो उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. माझा आवाज तिथवर जाणार, खाली उतरणार, त्यांचं उत्तर पुन्हा तसंच वर जाऊन येणार. यात अर्धा सेकंद जातो.

मी विचारलं, "मग लग्न करायचं ना आपण?"

पलीकडे शांतता. अर्धा सेकंद म्हणजे किती, हे मला त्या दिवशी कळलं. मला धीर धरवला नाही. म्हटलं, "नसेल तर तसं सांगा." आणि माझं वाक्य पुरं होण्याआधीच त्यांचा "हो" माझ्या कानात आला. तो आधीच निघालेला होता, वाटेत होता. पण त्यांना मात्र "हो" म्हटल्यानंतर ऐकू आलं, "नसेल तर तसं सांगा"! ते गप्पच झाले. मग मी बोलायला गेले की तेही बोलायचे, दोघं एकदम थांबायचो, पुन्हा दोघं एकदम सुरू. तेवढ्यात वेळ संपून फोन कटला.

उलगडा झाला तो पत्राने. आम्ही पत्रांवर कोपऱ्यात क्रमांक घालायचो, कारण १४ वं आधी आणि १३ वं मागाहून असं हमखास व्हायचं. त्या पत्राचा क्रमांक ३१. अजून आहे माझ्यापाशी.

लांबपल्ला

काकू, "तो आधीच निघालेला होता, वाटेत होता." काय लिहिलंत हो. आज नवऱ्याला फोनवर वाचून दाखवणार.

निळाई

काकू, ३१ मध्ये काय होतं ते सांगा की!

जुनं पान

ते नाही सांगायचं.

ओंजळ

मी ते दुसरं घड्याळ अजून काढलेलं नाही. दीड वर्ष झालं संपून. तिथे पाऊस असेल का वगैरे अजूनही मनात येतं. एवढंच लिहायचं होतं.

पाऊलवाट

@ओंजळ, राहू द्या ते. घाई नाही. बोलावंसं वाटलं तर निरोप पाठवा, कितीही वाजले असोत.

रूळ

मी आगगाडीतल्याच एका रात्रीबद्दल लिहितो. उलानबातरहून बीजिंगला निघालो होतो, तिला सोडून. भांडून. मंगोलियात दोन रुळांमधलं अंतर १,५२० मिलिमीटर, चीनमध्ये १,४३५. म्हणून सीमेवर एर्लियानला एकेक डबा आतल्या माणसांसकट जॅकवर उचलतात, खालची चाकं काढून दुसरी बसवतात. संडासांना कुलूप, बाहेर पिवळे दिवे, दर थोड्या वेळाने डबा हादरतो. कित्येक तास चालतं. ८५ मिलिमीटरसाठी. माझ्या तळहाताची रुंदी तेवढीच आहे, मी तिथे बसून मोजली होती.

डबा अधांतरी असताना तिला लिहायला घेतलं. रेंज नव्हती, त्यामुळे पाठवता येत नव्हतं, त्यामुळे पुन्हा पुन्हा वाचावं लागलं. पहिल्या मसुद्यात सात कारणं होती, शेवटच्यात एकही नव्हतं. पहाटे रेंज आली तेव्हा "मी चुकलो, परत येऊ का" एवढंच उरलं होतं. दोन दिवसांनी त्याच सीमेवरून उलटा गेलो. पुन्हा तेच जॅक, तीच चाकं.

दोन चाकं

आणि ती??

रूळ

आत्ता माझ्या पाठीमागे उभी राहून वाचतेय. म्हणते भांडणात चूक दोघांची होती, तेही लिही. लिहिलं.

क्षितिज

आम्ही पाच वर्षं दोन खंडांत. त्यातून बाहेर पडल्यावर ठरवलं की आता एक दिवसही वेगळं राहायचं नाही, आणि गाडी घेऊन निघालो, अलास्कातल्या प्रूडो बेपासून थेट खाली अर्जेंटिनातल्या उश्वायापर्यंत. चोवीस तास एका गाडीत. लांब राहण्यात आम्ही तरबेज होतो, जवळ राहणं कुणी शिकवलंच नव्हतं. तो गप्प बसला की मला वाटायचं फोन कट झालाय. खरंच, छातीत तसंच धस्स व्हायचं. मी बोलत सुटले की तो कानाला हात न्यायचा, जणू आवाज कमी करायचाय. मेक्सिकोपर्यंत येता येता आम्ही नकाशा सोडून दुसऱ्या कशावरही बोलत नव्हतो.

पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये रस्ताच नाही. दारिएनचं जंगल आणि दलदल, सुमारे १०० किलोमीटर. एवढ्या लांबलचक पॅन-अमेरिकन महामार्गात नेमकी तेवढीच फट. गाडी कंटेनरमध्ये घालून समुद्रामार्गे पाठवावी लागते. आम्ही कोलंबियातल्या कार्ताहेनाला पोचून तिची वाट बघत बसलो. कागदपत्रं अडकली, दिवसांवर दिवस. तिसऱ्या संध्याकाळी तो "जरा चालून येतो" म्हणून गेला आणि अर्ध्या तासाने माझा फोन वाजला. तोच. समुद्राच्या भिंतीवरून. "काय करतेस?" म्हणाला, आमच्या त्या जुन्या आवाजात.

दीड तास बोललो. खिडकीतून मला तो दिसत होता, भिंतीवर पाय सोडून बसलेला, ठिपक्याएवढा. महिनाभर गाडीत जे बोललो नव्हतो ते सगळं त्या फोनवर निघालं. तेव्हापासून उश्वायापर्यंत आठवड्यातून एकदा एकजण लांब चालत जायचा आणि दुसऱ्याला फोन करायचा. आजही करतो, आता जिन्याखालून.

सांजवात

क्षितिज, हे वाचून मी आत्ता शेजारच्या खोलीत फोन लावला. उचलला. "काय गं, काय झालं?" म्हणाला घाबरून.

निळाई

सांजवात, हाहा, सांगा त्याला आधी!

मैलाचा दगड

माझा प्रश्न राहिलाच. पुढच्या वर्षी आम्ही दोघं रेल्वेने लांब जायचा विचार करतोय, तिला खिडकीच हवी असते. खांब कोणत्या बाजूला?

पाऊलवाट

माफ करा, राहून गेलं. "त्याला" विचारून लिहिते. खांब रुळांच्या दक्षिण बाजूला, म्हणजे मॉस्कोकडे येताना डावीकडे. अगदी रुळांजवळ असतात, त्यामुळे काचेला गाल लावून पुढे बघावं लागतं, वेग असला की निसटतात. खांबाच्या एका बाजूला एका किलोमीटरचा आकडा, दुसऱ्या बाजूला त्याच्या लगतच्या किलोमीटरचा, गोंधळू नका. आणि बैकल सरोवर उजवीकडे. तो म्हणतो तिथे आल्यावर आकडे सोड म्हणावं, उजवीकडे जाऊन उभा राहा. त्या तासांत मला एकही मेसेज आला नव्हता, त्याचं कारण नऊ वर्षांनी आज कळलं.