अनुभव धागा: लिनक्स टाकताना कुठे अडलं, कसं सुटलं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही म्हणून चांगले धडधाकट लॅपटॉप अडगळीत निघाले. तेव्हापासून जो तो विचारतोय, लिनक्स या मोफत प्रणालीचा कोणता अवतार टाकू: मिंट, उबुंटू, झोरिन की फेडोरा? मंडळी, 'आमचंच भारी' नको. मशीन कोणतं, रॅम किती आणि गाडी नेमकी कुठे अडली, तेवढं लिहा.

—

बाबांचा जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. सगळं झकास, फक्त वायफायचा पत्ता नाही. ड्रायव्हरसाठी नेट हवं, नेटसाठी ड्रायव्हर! मोबाइल केबलने जोडून त्याचंच नेट वापरलं (यूएसबी टेदरिंग) आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घेतला. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असल्यामुळे त्याने एक पासवर्ड ठरवायला लावला. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, तिथे 'एनरोल एमओके' (ड्रायव्हरची सही मान्य करणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत 'कंटिन्यू' दाबलं तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही. बाबांचा प्रश्न वेगळाच: पत्त्यांचा खेळ कुठे गेला? तोही सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये सापडला.

—

माझ्याकडे उबुंटूच्या इन्स्टॉलरला एसएसडी दिसेचना. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, स्टोरेज 'आरएसटी' या इंटेलच्या पद्धतीवर होतं, ते 'एएचसीआय' या सर्वसाधारण पद्धतीवर आणावं लागतं. पण थेट बदलू नका, विंडोज उठायचं नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये चढू द्या आणि मग नेहमीसारखं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून घ्या. मोबाइलमधला फोटोही चालेल, त्याच लॅपटॉपमधली फाइल मात्र कामाची नाही!

—

ड्युअल बूटवाल्यांनो (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनो), विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर सेल बदलायला धावू नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्समधल्या 'टाइमडेटसीटीएल'च्या एका कमांडने भांडण मिटतं. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप'ही बंद करा, नाहीतर डी ड्राइव्ह लिनक्समध्ये नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही.

—

फेडोरा मला आवडतं, पण मावशीला देणार नाही. काही व्हिडिओ चालवायला लागणारे कोडेक आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या साठ्यातून वेगळे आणावे लागतात, शिवाय एक आवृत्ती जेमतेम १३ महिने पुरते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत बघायला नको.

—

डीटीपीचं काम करते. आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची सॉफ्टवेअरं टाकल्यावर इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळाला, जोडाक्षरंही नीट उमटतात. अडतंय ते जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फायलींपाशी. लग्नपत्रिकांचा सगळा साठा त्यातलाच. तेवढ्यासाठी विंडोजचा एक पीसी ठेवलाय, नेटची वायर काढून.