फुटबॉल पेठेतून काढून नदीकाठच्या संकुलात न्यायचा?

उद्यमनगरकर:
कालच्या पोस्टमध्ये म्हटलंय, "कोल्हापूरचा फुटबॉल म्हणजे तालमींच्या मारामाऱ्या. पंचगंगेकाठी आठ-दहा मैदानांचं संकुल बांधा, पेठा बाजूला काढा." वाचून डोकं फिरलं. माझे वडील फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डर. मॅच असली की पाळी बदलून शाहू स्टेडियम गाठायचे. इथं प्रत्येक पेठेच्या तालमीचा फुटबॉल संघ असतो. बूट तालमीनं दिले, पाय मोडला तेव्हा दवाखान्याचं बिलही तालमीनंच भरलं. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये शाहू मिल ही कापडगिरणी काढली आणि १९१२ मध्ये खासबाग हे कुस्तीचं मैदान उभारलं. या गावात कारखाना आणि आखाडा बरोबरच वाढले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमी बाजूला काढल्यावर खेळणार कोण?

नवं मैदान:
पोस्ट माझीच आहे. वडिलांबद्दल आदर आहे, पण मॅच सुटल्यावर रस्त्यावर दगड पडतात ते तुम्हाला दिसत नाहीत? माझ्या पुतण्याच्या डोक्याला चार टाके पडले, तो नुसता बघायला गेला होता. अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पोरगा आपला, पण त्याला घडवलं पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीनं. मग तालमींनी काय केलं?

प्रयाग चिखली:
भांडा खुशाल, पण नदीकाठ म्हणजे कुठं ते सांगा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा तेच. तिथं टर्फ टाकणार? भराव घातला की पाणी आमच्या शेतात. आणि नदीचं पाणी कसलं आहे? जयंती नाल्यातून मैला, वरनं कारखान्यांचं पाणी. २०१२ ला इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली, ते विसरलात सगळे.

उद्यमनगरकर:
प्रत्येक वेळी कारखानेच का? मैला फौंड्रीतनं येतो का? ऑईल इंजिनं आणि कास्टिंगवर हे गाव जगलं.

प्रयाग चिखली:
आणि फौंड्रीची जळकी वाळू? आमच्या वाटेच्या कडेला ढीग लागलेत, या एकदा बघायला. माझी म्हस त्या पाण्यानं गेली. तुमचं गाव जगलं, आमचं गोठ्यात मेलं.

उद्यमनगरकर:
वाळूचं खरं आहे. रात्री डंपर रिकामे करणारे आमच्यातलेच आहेत. पण त्यासाठी सगळ्या कामगारांना गुन्हेगार ठरवू नका.

लेफ्ट विंग:
तुम्ही तिघंही पुरुषांचंच बोलताय. आम्ही मुली शाळेच्या मैदानावर पहाटे सराव करायचो, कारण सात वाजता क्रिकेटवाले हाकलायचे. कपडे बदलायला खोली नाही. स्टेडियमवर मॅच बघायला गेलं की गॅलरीतल्या शिव्या ऐकायच्या. आम्हाला चार भिंती, दिवे आणि एक राखीव वेळ पाहिजे. त्याला संकुल म्हणा, नाहीतर तालीम.

नवं मैदान:
बरं, नदीकाठ सोडला. बंद पडलेल्या शाहू मिलच्या जागेत एक मैदान का नको?

उद्यमनगरकर:
तिथं महाराजांचं स्मारक व्हायचंय. तरी जागा मोठी आहे. स्मारकाशेजारी मैदान झालं तर माझी हरकत नाही, महाराजांना ते शोभेल. पण चालवायला तालमी पाहिजेत, ठेकेदार नको.

नवं मैदान:
तालमी चालवू देत. मग ज्या तालमीच्या पोरांनी दगड मारला, तिचा संघ त्या हंगामात बाहेर. हे लिहून द्यायला कोणती तालीम तयार आहे, नाव सांगा.

लेफ्ट विंग:
आणि मुलींचा संघ नसलेल्या तालमीला मैदान नाही. हेही त्याच कागदावर घ्या.